पोकेमॉन १५१ चा बॉक्स भाचीला द्यायचाय – कोणता घ्यावा, खरा कसा ओळखावा?

अनुमावशी

नमस्कार मंडळी,

माझी भाची पुढच्या महिन्यात दहा वर्षांची होतेय, ठाण्याला असते. गेलं वर्षभर तिच्या डोक्यात पोकेमॉन कार्डांशिवाय दुसरं काही नाही. शाळेच्या बसमध्ये अदलाबदल चालते आणि घरी आली की बॉक्स फोडायचे व्हिडिओ. तिच्याकडची कार्डं मात्र कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडची, दहा-वीस रुपयांच्या पाकिटांतली. गेल्या आठवड्यात बसमध्ये एका मुलीने सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "तुझी सगळी खोटी आहेत." त्या रात्री पोरगी जेवली नाही.

म्हणून यंदा खरा बॉक्स द्यायचा, हे ठरलंय. तिला '१५१' नावाचाच सेट हवाय. शोधायला बसले तर ईटीबी, बंडल, टिन, अल्ट्रा प्रीमियम अशी दहा नावं आणि एकाच वस्तूचे चार भाव. बजेट सहा-सात हजार. तिचा लाडका पोकेमॉन सायडक, तो मिळाला तर सोन्याहून पिवळं. कोणता बॉक्स घेऊ, आत काय असतं आणि फसवणूक कशी टाळायची, जाणकारांनी कृपया सांगावं.

पत्तेवाला_पुणे

ताई, अगदी योग्य वेळी विचारलंत. मी या सेटचे दोन्ही फोडलेत, बंडलही आणि ईटीबीही (एलिट ट्रेनर बॉक्स). जरा सविस्तर लिहितो.

१५१ हा सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्रजीत आला. पहिल्या पिढीचे सगळे १५१ पोकेमॉन यात आहेत आणि कार्डांचे नंबरही पोकेडेक्सच्याच (पोकेमॉनच्या क्रमांकयादीच्या) क्रमाने लावलेत. म्हणजे बल्बासॉर ००१, पिकाचू ०२५, मिऊ १५१. लहान मुलांना हा सेट आवडतो तो यामुळेच, अल्बममध्ये कोणाची जागा कुठे हे त्यांना तोंडपाठ असतं. मूळ सेट १६५ कार्डांचा, त्यापुढे २०७ पर्यंतची दुर्मीळ.

या सेटचा ३६ पाकिटांचा नेहमीचा बूस्टर बॉक्स इंग्रजीत निघालाच नाही. कोणी "१५१ इंग्लिश बूस्टर बॉक्स, ३६ पॅक" म्हणून विकत असेल तर तिथूनच परत फिरा. जे निघालं ते असं: बूस्टर बंडलमध्ये ६ पाकिटं, ईटीबीत ९, अल्ट्रा प्रीमियममध्ये १६ आणि धातूचं मिऊ कार्ड. बाइंडर कलेक्शनमध्ये ४ पाकिटं आणि अल्बम. ईटीबीत पाकिटांशिवाय स्नॉरलॅक्सचं एक प्रोमो कार्ड, स्नॉरलॅक्सच्याच चित्राचे ६५ स्लीव्ह (कार्डाची प्लॅस्टिकची पिशवी), ४५ एनर्जी कार्डं (खेळात हल्ल्यासाठी लागणारी), फासे आणि कार्डं ठेवायला तो दणकट डबा. डबा खरंच छान आहे, माझा अजून टेबलावर आहे. पण २०२३ चा सेट असल्याने आता भाव चढलेत आणि तुमच्या बजेटात ईटीबी बसणं कठीण. बंडल बघा. बंडलमध्ये पाकिटांशिवाय काहीच नसतं, पण फोडायची मजा पाकिटातच असते.

एका पाकिटात १० कार्डं, वर एक एनर्जी आणि ऑनलाइन खेळाचं एक कोड कार्ड. दहांतली तीन चमकणारी असतात, त्यामुळे एकही पाकीट कोरडं जात नाही. हे या पिढीचं मोठं सुख. आमच्या वेळी सात-आठ पाकिटं फोडूनही हाताला काही लागायचं नाही.

आता सायडकबद्दल. साधा सायडक ०५४ नंबरचा, कॉमन आहे, सहा पाकिटांत निघूही शकतो. पण भाचीने व्हिडिओत पाहिला असेल तो बहुतेक १७५ नंबरचा, पूर्ण कार्डभर चित्र असलेला, म्हणजे इलस्ट्रेशन रेअर. कंपनी प्रमाण जाहीर करत नाही, पण हजारो पाकिटं फोडणाऱ्यांचा हिशोब आहे की साधारण बारा पाकिटांत एक इलस्ट्रेशन रेअर आणि बत्तीसमध्ये एक स्पेशल इलस्ट्रेशन रेअर, म्हणजे त्याहून दुर्मीळ. सेटमध्ये इलस्ट्रेशन रेअर १६ आहेत. म्हणजे नेमका सायडकच हवा तर सरासरी १९० च्या आसपास पाकिटं लागतील. ज्या स्पेशलमधल्या चारिझार्डसाठी सगळे वेडे होतात त्याला तर सव्वादोनशे, आणि तेवढी फोडूनही दर तीन जणांतल्या एकाला तो मिळणार नाही.

तेव्हा माझा सल्ला: बंडल घ्या आणि १७५ नंबरचा सायडक सुटा विकत घ्या. सिंगल म्हणतात त्याला. चारिझार्डच्या मानाने खूपच स्वस्त पडतो.

अनुमावशी

बापरे, १९० पाकिटं! हे कोणीच सांगत नाही. व्हिडिओत तर प्रत्येकाला काही ना काही निघतंच.

पत्तेवाला_पुणे

ताई, व्हिडिओवाला चाळीस बॉक्स फोडतो आणि त्यातला चांगला तेवढा दाखवतो. भाचीला हे आधीच प्रेमाने सांगून ठेवा. सहा पाकिटांत एखादं इलस्ट्रेशन रेअर निघण्याची शक्यता दहात चार, म्हणजे न निघण्याचीच जास्त. हे ठाऊक असेल तर मूल रिव्हर्स होलोसुद्धा (साध्या कार्डाची चमकती आवृत्ती) प्रेमाने बघतं.

दोन_मुलांची_आई

डोंबिवलीहून लिहितेय. खरं-खोटं ओळखण्याबद्दल माझा अनुभव सांगते, कारण आमचे पैसे गेलेत.

मागच्या दिवाळीत धाकट्यासाठी ऑनलाइन ईटीबी मागवला. फोटो चोख, भाव बाजारापेक्षा बराच कमी. बॉक्स हातात घेतला तेव्हाच वरचं प्लॅस्टिक सैल वाटलं, कोपऱ्यात चुण्या. खऱ्याचं प्लॅस्टिक घट्ट ताणलेलं असतं आणि त्यावर छापलेलं चिन्ह असतं, हे मला नंतर कळलं. धाकट्याने पहिलंच पाकीट फोडलं तर आत दहाच्या दहा चमकणारी. तो आनंदाने उड्या मारायला लागला. दुसऱ्यातही दहा. तिसऱ्या पाकिटाला तो गप्प झाला, माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, असं नसतं." ते तोंड मी विसरले नाहीये. पैसे परत मिळायला दीड महिना भांडले.

तेव्हापासून मी काय बघते ते सांगते. एक, कार्डाची कड. मार्च २०२३ पासूनच्या इंग्रजी कार्डांना करडी कड असते. १५१ म्हणून विकलेलं कार्ड पिवळ्या कडेचं असेल तर बाकी काही तपासायची गरजच नाही. दोन, मोबाइलचा टॉर्च कार्डामागे धरा. खऱ्या कार्डाच्या मधोमध काळपट थर असतो, उजेड फारसा आरपार येत नाही. खोटं कार्ड कंदिलासारखं उजळतं. तीन, पूर्ण चित्राच्या कार्डावर अलगद बोट फिरवा, खऱ्यावर बारीक रेषांचा खडबडीतपणा लागतो, खोटं काचेसारखं गुळगुळीत. मागची निळी बाजू एखाद्या खात्रीच्या कार्डाशेजारी ठेवून बघा, फिका किंवा जांभळट रंग लगेच कळतो.

आणि ते सोनेरी ५५ कार्डांचे डबे सगळीकडे मिळतात ना, ते सगळे नकली. तसा डबा कोणी अस्सल म्हणून देऊ लागलं तर घेऊ नका.

ओसाकाकर

मी गेली सहा वर्षं जपानात आहे. इथल्या बॉक्सबद्दल थोडं सांगतो, कारण भारतातले बरेच विक्रेते जपानी १५१ सुद्धा विकतात आणि लोकांचा गोंधळ होतो.

जपानी १५१ जून २०२३ मध्ये, म्हणजे इंग्रजीच्या आधी आला. त्याचा मात्र खरा बॉक्स आहे, २० पाकिटं आणि प्रत्येकात ७ कार्डं. (इथल्या बहुतेक सेटचा बॉक्स ३० पाकिटांचा आणि पाकिटात पाचच कार्डं.) जपानी कार्डांची छपाई आणि कापणी जास्त नेटकी, हे माझं ठाम मत. या सेटमध्ये मास्टर बॉलच्या (पोकेमॉन पकडायच्या चेंडूच्या) नक्षीचं एक चमकतं कार्ड साधारण दर बॉक्सला निघतं, ते हातात धरून तिरपं केलं की बघतच राहावं. पण अनुताई, भाचीला बसमध्ये अदलाबदल करायचीय, कार्ड वाचायचंय. तिच्यासाठी इंग्रजीच घ्या.

जपानी घेणाऱ्यांसाठी एक इशारा. इथे काही दुकानं विकतानाच बॉक्सवरचं प्लॅस्टिक काढून देतात, म्हणजे ते घेऊन कोणी चढ्या भावाने पुन्हा विकू नये. त्यामुळे प्लॅस्टिक नसलेला बॉक्स खोटा असेलच असं नाही, पण त्यातली पाकिटं कोणी चाचपलेली नाहीत याची खात्री राहत नाही. असे बॉक्स स्वस्त मिळतात ते त्यामुळेच. आणि दुकानांनी स्वतः भरलेली 'ओरिपा' नावाची पाकिटं असतात, ती मुलांना मुळीच देऊ नका. ती सरळ सरळ लॉटरी आहे.

सीलबंद म्हणजे खात्रीचं, हेही मनातून काढा. लोगन पॉल या अमेरिकी यूट्यूबरने पहिल्या सेटच्या सीलबंद बॉक्सची अख्खी पेटी ३५ लाख डॉलरला घेतली होती. जाणकाराने तपासून दिलेली. जानेवारी २०२२ मध्ये उघडली तर आत जी. आय. जो या भलत्याच खेळण्यांची कार्डं. एवढ्या पैशांत ही गत, मग आपण जुन्या सीलबंद मालाच्या वाटेला न जाणंच बरं. विक्रेता ओळखीचा हवा, वर्षानुवर्षं एकाच नावाने धंदा करणारा.

कोकणातला_संग्राहक

बॉक्सचं सगळं बोलून झालंय, मी फक्त नंतरचं सांगतो. चमकणारी कार्डं दमट हवेत वाकतात, आणि ठाण्याचा पावसाळा काही कमी नाही. पाकीट फोडल्या फोडल्या चांगलं कार्ड पातळ स्लीव्हमध्ये घाला, फार आवडतं असेल तर वर टॉपलोडर, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं कव्हर. बाकीची नऊ कप्प्यांच्या अल्बममध्ये. अल्बम बाजूने कार्ड सरकवायचा घ्या, वरून घालायच्या अल्बममधून उलटा धरला की कार्डं गळतात. त्यात पीव्हीसी (कार्डं खराब करणारं प्लॅस्टिक) नाही ना हे बघून घ्या. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. आणि रबरबँड नको! मी शाळेत असताना बबलगमबरोबर मिळणाऱ्या क्रिकेटवाल्या चित्रांचा गठ्ठा रबर लावून ठेवला होता. चार पावसाळ्यांनी रबर वितळून वरच्या आणि खालच्या चित्रात रुतलं. आजही वाईट वाटतं.

दोन_मुलांची_आई

+१. आणि अनुताई, तिला खेळायलाही शिकवा हं. साठ कार्डांचा डेक, सहा प्राइझ कार्डं, बेरीज-वजाबाकी आपोआप होते. तयार बॅटल डेक स्वस्तात मिळतो. माझी दोघं आता भाव विचारत नाहीत, "याचा हल्ला किती?" असं विचारतात.

पत्तेवाला_पुणे

हे फार महत्त्वाचं. आणखी एक गंमत तिला दाखवा. कार्डाच्या खाली डावीकडे बारीक अक्षरात चित्रकाराचं नाव असतं. मित्सुहिरो अरितांनी १९९६ च्या अगदी पहिल्या सेटमधला चारिझार्ड काढला, पिकाचूही त्यांचाच, आणि ते अजून काढतायत. एकदा नावं वाचायची सवय लागली की मूल कॉमन कार्डसुद्धा नीट बघतं.

अनुमावशी

मंडळी, वाढदिवस झाला. सांगायला आलेय.

दादरच्या एका ओळखीच्या दुकानातून बंडल घेतला, बजेटच्या थोडा वर गेला. १७५ नंबरचा सायडक सुटा आणला, टॉपलोडरमध्ये घालून वेगळ्या पाकिटात ठेवला. अल्बम कोकणातल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे.

ओवाळून झाल्यावर जमिनीवर चादर टाकून बसलो. तिने कात्री मागितली नाही, पाकिटाची वरची कड दोन बोटांत धरून हळूच सोलली. कार्डं पालथी धरून एकेक उलटत होती, आणि दर कार्डाला नंबर आधी, नाव नंतर. पहिल्या तीन पाकिटांत मोठं काही नाही, तरी रिव्हर्स होलो उजेडात तिरपी करून करून बघत होती. चौथ्यात साधा सायडक निघाला, ०५४. ती ओरडली ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली असेल. पाचव्यात एक 'ईएक्स' (जास्त ताकदवान पोकेमॉनचं) कार्ड, झॅपडॉस. इलस्ट्रेशन रेअर नाहीच निघालं. मग मी ते वेगळं ठेवलेलं पाकीट पुढे केलं. ते बघून ती काही बोललीच नाही. ०५४ आणि १७५ शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बसली.

संध्याकाळी म्हटलं, ती जुनी खोटी टाकून देऊया का? नको म्हणाली. माझा मोबाइल घेतला, टॉर्च लावला आणि दिवाणाखालचा बिस्किटांचा डबा काढून एकेक कार्ड उजेडासमोर धरायला लागली. सगळी उजळत होती. ऐंशी-नव्वद असतील. मग एक उजळलंच नाही. करडी कड, एक कोपरा दुमडलेला, बसमध्ये कधीतरी कोणीतरी बदल्यात दिलेला राटाटा. खाली नंबर ०१९/१६५.

तिने तो आपल्या हाताने नवीन अल्बममध्ये घातला, तिसऱ्या पानावर, पहिल्या कप्प्यात.