मदत हवी आहे : डॅन वेसन १५-२ मध्ये बॅरल-सिलिंडरमधली फट सारखी येत नाही

मी ओहायोत राहतो. डॅन वेसन हे बॅरल बदलता येणारं रिव्हॉल्व्हर; माझं कायदेशीर, पण जुनं आणि आधी कुणीतरी भरपूर वापरलेलं. .३५७ मॅग्नम, सोबत ४ आणि ६ इंची बॅरल. वीसेक फैरींनंतर सिलिंडर जड फिरतो.

सिलिंडर रिकामा असल्याची खात्री करून बॅरल ०.००६ इंचाच्या फीलर गेजवर (फट मोजायच्या पातळ पट्टीवर) बसवली, श्राउड (बॅरलवरचं बाहेरचं आवरण) चढवलं, पुढचा नट मूळ पान्यानेच आवळला आणि परत मोजलं. सहापैकी चार चेंबरवर (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकांवर) ०.००६, शेजारशेजारच्या दोनवर जेमतेम ०.००४. मार्करने खुणा केल्या. दोन्ही बॅरलवर तेच दोन चेंबर. म्हणजे बॅरल निर्दोष असावी. आटे, सिलिंडरचं तोंड, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) खालची काजळी, सगळं साफ केलंय. मोजताना सिलिंडर दर वेळी मागेच दाबून धरला होता.

कानस लावायची नाही, एकदा गेलेलं पोलाद परत येत नाही. बंदूक दुरुस्त करणारा कारागीर तीन तासांवर आहे, म्हणून आधी इथे विचारतोय.

एक्स्ट्रॅक्टरचा दांडा वाकलाय की सिलिंडरचं तोंडच तिरकं आहे, हे घरी कसं ओळखायचं? आणि तोवर सर्वांत अरुंद चेंबरवर ०.००६ ठेवून बाकीच्यांवर ०.००८ झालं, तर चालेल का?