गालातील असह्य कळ: दाढ काढूनही थांबत नाही

प्रश्न (आर्णी तालुका, यवतमाळ):
माझ्या आईचे वय ५८ असून दिवाळीपासून तिच्या उजव्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ येते. ती काही सेकंदच टिकते, पण घास चावताना, तोंड धुताना, अगदी कूलरचा वारा लागला तरी पुन्हा उठते, त्यामुळे आईने भाकर सोडून पातळ वरण-भातच धरला आहे. दोन दाढा काढल्या, फरक नाही. गावातील मंडळी आता गालावर तापल्या लोखंडाचा डाग द्यायला सांगतात. काय करावे?

उत्तर (दंतवैद्य, वर्धा):
कृपया डाग देऊ नका आणि आणखी दाढही काढू नका. ही लक्षणे ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची वाटतात. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या नसेवर, ती मेंदूतून निघते त्या ठिकाणी, बहुधा एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते. तिच्या सततच्या ठोक्यांनी नसेचे आवरण झिजते आणि साधा स्पर्शही कळ बनून उमटतो. या नसेच्या शाखा जबड्यात जात असल्याने दुखणे दाढेचेच वाटते, आणि म्हणून निरोगी दाढा हकनाक जातात, याचे मला फार वाईट वाटते. क्वचित गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील नसांचे आवरण खराब करणारा आजार) हे कारण असते, म्हणून एमआरआय आवश्यक आहे. नागपूरचे शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय येथे दाखवावे.

उत्तर (दारव्हा):
माझ्या काकूंना हाच आजार आहे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग झाला नाही. कार्बामाझेपिन या फिटवरच्या गोळीने मात्र कळ आटोक्यात आली. डॉक्टर मात्रा हळूहळू वाढवतात. सुरुवातीला गुंगी येते, तोल जातो, म्हणून त्या काळात एकटीने विहिरीवर किंवा शेतात जाऊ देऊ नये. बरे वाटले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये.

उत्तर (दंतवैद्य, वर्धा):
या औषधाने रक्तातील सोडियम घटू शकते आणि यकृतावर व रक्तपेशींवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून अधूनमधून रक्ततपासणी करावी. अंगावर पुरळ उठल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गोळ्या पुरेशा ठरल्या नाहीत, तर रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये छोटी गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया होते; तिचा आराम बहुतेकांना अनेक वर्षे टिकतो. प्रकृती नाजूक असेल, तर गालातून सुई घालून नस उष्णतेने बधिर करतात, परंतु त्यानंतर गाल सुन्न राहू शकतो आणि काही वर्षांनी कळ परतू शकते. जाताना रेशनकार्ड व आधार सोबत ठेवा आणि मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातील मदतनीसाकडे) आधी चौकशी करा.