बॉल पायथनची कात तुकड्यातुकड्यांत निघतेय, काय करू?

तांबडा_रस्सा

नमस्कार मंडळी. इथे सगळे कुत्र्या-मांजरांचे प्रश्न, त्यात माझा हा असा. आमच्याकडे साप आहे. मुलाच्या (वय १२) हट्टापायी दीड वर्षापूर्वी आणलेली बॉल पायथन, मादी, सव्वातीन फूट. दिवसभर गुंडाळून बसते म्हणून नाव चकली. आम्ही अमेरिकेत, मिनिआपोलिसजवळ राहतो.

आजवर कात छान निघायची. पायातला मोजा उलटा करून काढावा तशी, तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड. नोव्हेंबरात घरातलं हीटिंग सुरू झालं आणि गेल्या खेपेला चार तुकडे झाले. या वेळी त्याहून वाईट. आधी रंग मळकट झाला, डोळ्यांवर निळसर दुधाळ पडदा आला, मग डोळे निवळले, आणि परवा रात्री तिने नाक घासायला सुरुवात केली. आज सकाळी पाहते तर अर्ध्या अंगावर कात तशीच. शाळेत हातावर फेव्हिकॉल वाळवायचो ना, अगदी तसं दिसतंय. शेपटीच्या टोकाला एक घट्ट कडं राहिलंय आणि डावा डोळा उजव्यापेक्षा मंद दिसतो, त्यावर बारीक सुरकुती आहे.

नखाने थोडं सोलून पाहिलं, तिने अंग असं काही झटकलं की हात मागे घेतला. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, खोबरेल चोळ. टाकी काचेची, वर जाळीचं झाकण, दिव्याची उष्णता. काट्याचा हायग्रोमीटर ५० दाखवतोय, म्हणजे दमटपणा ठीक असावा. मग चुकतंय कुठे?

कात्रज_ते_कॅलगरी

ताई, पहिल्यांदा नखं लांब ठेवा. जुनी कात सुटायला तिच्या आणि खालच्या नव्या थराच्या मधे द्रव साठावा लागतो. डोळे दुधाळ दिसतात ते त्यामुळेच. हवा कोरडी असली की सुटू पाहणारा थर मधेच वाळतो आणि चिकटतो. तो ओढला तर खालची कोवळी नवी कातडी सोबत येते.

आता तो काट्याचा हायग्रोमीटर. त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही, माझा तर टाकीबाहेर काढला तरी ५५ दाखवायचा. डिजिटल आणा आणि तोही तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात पाण्याचे चार थेंब, चिखलासारखं झालं पाहिजे, पातळ नको. ते आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. जितका फरक, तितका मनात धरून चालायचं.

तांबडा_रस्सा

डिजिटल काल आला. मिठाच्या पिशवीत ७४. टाकीत ठेवला आणि बघतेय तर २७! बाहेर उणे अठरा अंश, घरात फर्नेसची गरम हवा चोवीस तास. माझ्याच ओठांना भेगा पडल्यात, तिचं काय होत असेल.

रेडिंगची_मावशी

२७ म्हणजे पापड वाळवायची सोय झाली की. बॉल पायथनला एरवी ५५ ते ६५ टक्के हवं, कातीच्या दिवसांत ७० च्या वर गेलं तरी चालतं. आम्ही इंग्लंडात हिला रॉयल पायथन म्हणतो. प्राणी एकच, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथे हे साप दिवस काढतात उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत. वरचं रान सुकं असलं तरी बिळात ओल असते.

आधी आजचं काम. एक हवेशीर, झाकणाचा डबा घ्या. तळाला टॉवेल घाला, नाहीतर ती घसरते आणि घाबरते. पाणी कोमट, ८५ फॅरनहाइटच्या आसपास, आणि तिची पाठ बुडणार नाही इतकंच. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. तुम्ही जागेवरून हलायचं नाही, फोनही नको. मग टर्किश टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्या आणि तिला तुमच्या हातांतून, टॉवेलच्या घडीतून सरपटू द्या. मूठ सैल ठेवा. तुम्ही चोळायचं नाही, तिने पुढे जायचं, कात मागे राहते. न निघालेलं उद्या.

शेपटीचं कडं मात्र विसरू नका. ते आवळत जातं, रक्तपुरवठा थांबतो आणि टोक काळं पडून झडतं. शेंड्याला भिजवलेला कापूस पाच-दहा मिनिटं धरून ठेवा, मग बोटाच्या पेराने शेपटीच्या टोकाकडे हलकेच सरकवा.

डोळा सोडून द्या. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर त्याचा वरचा थर निघतो. तुमच्याकडे तो डाव्या बाजूला राहिलाय. चिमटा, चिकटपट्टी असले यूट्यूबी प्रकार करू नका, खालचा खवलाच उपटला तर डोळा जातो. दमटपणा सुधारला की पुढच्या कातीबरोबर बहुतेक वेळा तो आपोआप येतो. सूज आली किंवा दुसऱ्या कातीलाही निघाला नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची डॉक्टर गाठा.

चहाबाज

सासूबाईंचं खोबरेल अगदीच टाकाऊ नाही हो. मी माझ्या गीकोच्या (पाळीव पालीच्या) बोटांवर राहिलेल्या कातीला लावलं होतं, सुटली.

रेडिंगची_मावशी

चहाबाज, दोन बोटं निराळी आणि सव्वातीन फूट साप निराळा. तेलकट अंगावर बेडिंगचा भुगा चिकटतो, आणि इथे कमतरता पाण्याची आहे, तेलाची नाही. खोबरेल केसांना.

सर्पमित्र_सांगलीकडचा

साप पाळणं मला स्वतःला पटत नाही, ते एकदा सांगून टाकतो. पण प्रश्न जिवाचा आहे म्हणून लिहितोय.

कातीला आलेला साप धुरकट बघतो, म्हणून बिथरतो. एरवी गरीब असलेली धामणसुद्धा त्या दिवसांत अंगावर येते. तेव्हा डोळे दुधाळ दिसले की चकलीला हातात घेणं बंद. खायलाही देऊ नका, बहुतेक ती स्वतःच नाकारेल. मला फोन येतात त्यात कातीला आलेले साप कुठे सापडतात बघा: मोरीच्या कडेला, रांजणाखाली, भिजलेल्या विटांच्या ढिगात. ओल आणि खरखरीत जागा तो स्वतः शोधतो. तुमच्या टाकीत त्याला शोधायला जागाच नाही. एक खडबडीत दगड किंवा लाकडाचा ओंडका ठेवलाय का?

तांबडा_रस्सा

दादा, नाही. प्लास्टिकची गुळगुळीत गुहा आहे फक्त. आजच लाकूड आणते. बाकी एक मूर्खपणा कबूल करते. २७ बघून घाबरले आणि स्प्रेने सगळं बेडिंग भिजवून टाकलं. आज कुबट वास येतोय.

कात्रज_ते_कॅलगरी

काढून फेका ते सगळं. ओल्या बेडिंगवर पडून राहिली तर पोटाचे खवले सडतात, श्वासाचे आजारही होतात. हवा दमट हवी, अंथरूण ओलं नको. बेडिंग कुठलं आहे? अ‍ॅस्पेनचा भुसा असेल तर तो ओलीला लगेच बुरशी धरतो. नारळाच्या सोडणाचा चुरा किंवा सायप्रस मल्च (सायप्रसच्या लाकडाचा चुरा) घ्या, तीन-चार इंच जाड थर. पाणी कोपऱ्यातून खाली ओतायचं, वरचा थर कोरडा राहतो. देवदार आणि पाइनचा भुसा आणू नका, त्यांच्या वासाची तेलं सापांना बाधतात.

आणि खरा चोर डोक्यावर आहे. जाळीचं झाकण! दिवा हवा तापवतो, ती वर जाते आणि ओल घेऊन निघून जाते. जाळीचा पाऊण भाग अ‍ॅल्युमिनियमच्या चिकट पट्टीने बंद करा. दिव्याखालचा भाग मोकळा ठेवा, तिथे चिकटवलेलं तापून धोका होतो. पाण्याचं मोठं भांडं गरम बाजूला सरकवा. गरम बाजू ८८ ते ९२ फॅरनहाइट, थंड बाजू ७६ ते ८०, आणि दिवा थर्मोस्टॅटवर.

शिवाय आइस्क्रीमचा एखादा जुना डबा घ्या, बाजूला ती जाईल एवढं भोक पाडा, कडा मेणबत्तीने गुळगुळीत करा आणि आत स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) भिजवून, पिळून भरा. मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये. हे तिचं बीळ.

जाता जाता, पाण्याच्या भांड्यात खसखशीएवढे काळे ठिपके बुडालेले दिसतात का? दिसले तर माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. कात अडकायला तेही एक कारण असतं.

डोंबिवली_फास्ट

अवांतर: हे वाचून मलाच पायथन घ्यावासा वाटतोय. भारतात चालतो का?

सर्पमित्र_सांगलीकडचा

देशी साप अजिबात नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. आपला अजगर तर त्यात शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कागद नसलेला प्राणी घेऊ नका. आणि मला विचाराल तर कागद असलेलाही नको.

तांबडा_रस्सा

माइट्स नाहीत, भिंगातून पाहिलं.

रविवारी मुलगा आणि मी दोघांनी केलं. पंचवीस मिनिटं डब्यात. पहिली पाच मिनिटं नुसती धडपड, मग शांत. टॉवेलमधून दुसऱ्यांदा गेली तेव्हा अचानक हाताला काहीतरी सैल लागलं आणि पाठीवरची वीतभर कात टॉवेलला चिकटून राहिली. ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी. प्रत्येक खवल्याची जाळी दिसत होती. शेपटीचं कडं सोमवारी कापसाने निघालं, खाली फिकट वळ आहे पण काळं काही नाही. डोळा तसाच, हात लावलेला नाही. जाळी झाकल्यापासून मीटर ५८ ते ६२.

मंडळी, हात धुवायचे की नाही यावर घरात वाद झाला, म्हणून मीच जाहीर केलं: सापाला हात लावला की साबण. साल्मोनेलाचे जंतू असतात.

तांबडा_रस्सा (सहा आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. मागच्या आठवड्यात चकली निळी पडली, म्हणजे पुन्हा कातीला आली. दोन दिवस आइस्क्रीमच्या डब्यातून बाहेर आली नाही, डब्यावर अजून आंब्याचं चित्र आहे. आज पहाटे मुलगा ओरडत आला. अख्खी कात, ओंडक्याला अडकलेली, एका तुकड्यात. त्याने जमिनीवर पसरून मोजली, चार फूट भरली आणि साप एका महिन्यात वाढला म्हणून नाचायला लागला. कात ताणली जाते, साप तेवढाच आहे, हे त्याला अजून पटलेलं नाही.

मी आधी डोकं पाहिलं. खिडकीशी उजेडात धरलं तर दोन्ही डोळ्यांच्या जागी छोट्या पारदर्शक वाट्या होत्या, डावी जरा जाड, दोन थरांची. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवली. म्हणाल्या, तिजोरीत ठेव, लक्ष्मी येते. मुलगा म्हणतो, शाळेत नेणार. सध्या ती फ्रीजवर, वर्तमानपत्रात गुंडाळून आहे.