बी विंगच्या जिन्यातून बाटली कोण टाकतंय?

सेक्रेटरी (ए-१०२): काल संध्याकाळी पावणेसहा वाजता बी विंगच्या पहिल्या मजल्यावरून पाण्याने भरलेली बाटली खाली टाकण्यात आली. एकदा नाही, सात वेळा. सीसीटीव्हीत दिसतंय. माझ्या स्कूटरची सीट भिजली. संबंधितांनी खुलासा करावा.

सी-२०४: टँकर आला का हो?

बी-४०३: काका, खुलासा मी करते. सॉरी 🙏 आमच्या कन्येने शुभांशू शुक्लांचा अंतराळ स्थानकातला व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, हे तरंगतात कसे? मी आपलं ठरलेलं उत्तर दिलं, वर गुरुत्वाकर्षण नसतं. ती म्हणाली, मग चंद्र सुटून का जात नाही? माझी बोलती बंद. तिला घेऊन सरांकडे गेले.

सी-२०१ (सर): बाटली माझी. गुन्हा कबूल. तळाशी दाभण तापवून भोक पाडलं होतं. झाकण काढून बाटली हातात धरली की धार लागते. हात सोडला की खाली पोहोचेपर्यंत धार बंद. पाणी आणि बाटली एकाच वेगाने पडतात, त्यामुळे पाण्याचा बाटलीवर दाबच राहत नाही. बाहेर ढकलणार कोण?

ए-३०१: मग सात वेळा कशाला?

सी-२०१ (सर): तीन मीटर पडायला जेमतेम पाऊण सेकंद लागतो. पहिल्या दोन वेळा कोणाला काहीच दिसलं नाही. मग मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. त्यानंतर प्रत्येकाला एकदा टाकायची होती. मुलं पाच.

ए-३०१: पण सर, तिथे हवा नाही म्हणूनच तरंगतात ना? आम्ही तरी तेच शिकलो.

सी-२०१ (सर): चंद्रावर कुठे हवा आहे? १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने तिथे हातोडा आणि पीस एकदम सोडलं. दोन्ही बरोबर खाली आले, तरंगलं कोणीच नाही. स्थानकाच्या आत तर हवा भरलेली असते, नाहीतर माणसं श्वास कशी घेतील? आणि स्थानक आहे फक्त ४०० किलोमीटरवर. तिथलं गुरुत्वाकर्षण इथल्या सुमारे ८९ टक्के.

सी-२०४: टँकर??

सेक्रेटरी (ए-१०२): साडेदहाला येतोय.

बी-१०५: ८९ टक्के ओढ असेल तर स्थानक खाली का येत नाही?

सी-२०१ (सर): येतं की! सारखं पडतच असतं. पण एका सेकंदात साडेसात किलोमीटरहून जास्त पुढे जातं. त्या सेकंदात पडतं सव्वाचार मीटर, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे खालची जमीनही तेवढ्या अंतरात तेवढीच खाली वळलेली असते. म्हणून उंची तीच राहते. आतली माणसंही स्थानकाबरोबर त्याच वेगाने पडतात, बाटलीतल्या पाण्यासारखी, म्हणून तरंगतात. या वेगाने पुण्याहून एक्स्प्रेसवेने मुंबई वीस सेकंदांत.

ए-३०१: खंडाळ्याच्या घाटासकट? 😂

बी-४०३: मला पटलं ते बाटलीमुळे. नुसतं ऐकून काही कळलं नसतं. आमची बया मात्र लगेच म्हणाली, म्हणजे चंद्रपण पडतोय?

सी-२०१ (सर): त्या वाक्यासाठी तिला लिमलेटची गोळी दिली. चंद्रही पडतोय, सेकंदाला १.४ मिलिमीटरच्या आसपास. स्थानकापेक्षा फार लांब, म्हणून ओढ कमी. हे गणित न्यूटनने मांडलं होतं. तिने न्यूटन ऐकलेलाही नाही. एकच विनंती, मुलांना 'वर गुरुत्वाकर्षण नसतं' असं सांगू नका. एकदा डोक्यात बसलं की दहावीपर्यंत निघत नाही, चाळीस वर्षं वर्गात पाहिलंय.

बी-१०५: २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला मुलांना आयुकात, म्हणजे विद्यापीठातल्या खगोलशास्त्र संस्थेत नेऊ या का? नाहीतर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. मिनी बस मी ठरवते.

सेक्रेटरी (ए-१०२): बसचं नंतर. सीटचं काय?

बी-४०३: काका, पाचही जणांनी मिळून पुसली. आरसासुद्धा.

सेक्रेटरी (ए-१०२): बरं. यापुढे जिन्यातून काहीही टाकायचं नाही.

सी-२०१ (सर): मान्य. पुढचा प्रयोग लिफ्टमध्ये. वजनकाटा आत ठेवून वर उभं राहायचं आणि लिफ्ट खाली सुटताना काट्याकडे बघायचं. काटा सुईचा हवा, डिजिटल एक आकडा धरून बसतो.

बी-४०३: आमच्याकडे आहे, आईंचा जुना. आत्ताच करून आलो. २२ किलोची पोरगी क्षणभर २० ची झाली! तळमजल्यावर थांबताना २४. तेव्हापासून पाच फेऱ्या झाल्यात.

सेक्रेटरी (ए-१०२): सकाळी आठ ते साडेनऊ लिफ्ट मोकळी ठेवावी. लोकांना ऑफिसला जायचं असतं.