टॅबलेट असताना मराठी वाचकानं वेगळा ई-रीडर घ्यावा का?

खिळेजुळारी (कसबा पेठ)

माझं मत आधीच सांगतो: मराठी वाचणाऱ्याला वेगळा ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, लागत नाही, चांगला टॅबलेट पुरतो. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांचं गणित उचलून मराठीला लावलं की फसायला होतं.

ई-रीडर खुलतो तो ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलीसारख्या वाहत्या मजकुरावर. अक्षर मोठं केलं की ओळी नव्यानं पडतात. मराठीत मात्र हाती येतं त्यातलं पुष्कळसं पीडीएफ असतं. काही जुन्या पुस्तकांचे स्कॅन, म्हणजे पानांचे नुसते फोटो. काही श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांचा समान संगणकीय संकेत) नसलेल्या फाँटांत जुळवलेली पुस्तकं. त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे कॅलिबर या ई-पुस्तकं रूपांतरित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ईपब करायला गेलं की अर्थहीन रोमन अक्षरांची रास बाहेर पडते. युनिकोडमधून केलेली पीडीएफसुद्धा धड उतरत नाही. पीडीएफ अक्षरांचे आकार आणि जागा जपते, मजकुराचा क्रम जपेलच असं नाही. मग ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं गळतात.

म्हणजे पान आहे तसंच दाखवावं लागतं. ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद. सात इंची ई-रीडरचा पडदा साधारण १०७ मिलिमीटर रुंद. पान ५१ टक्क्यांवर येतं, १० पॉइंटचा टाइप ५ पॉइंटचा होतो. १०.९ इंची टॅबलेटची रुंदी १५८ मिलिमीटर. तिथे तेच पान ७५ टक्के आणि टाइप साडेसात पॉइंट. बालभारतीची पाठ्यपुस्तकं रंगीत पीडीएफमध्ये फुकट मिळतात. ती सात इंची काळ्यापांढऱ्या पडद्यावर उघडून बघा, आकृत्यांची नावं वाचता येत नाहीत.

बॅटरीचा दावाही नीट वाचावा. २०२४च्या किंडल पेपरव्हाइट या सात इंची ई-रीडरला '१२ आठवडे' म्हणतात, पण ते रोज अर्धा तास वाचन, वाय-फाय बंद आणि पडद्याचा प्रकाश १३ या पायरीवर धरून. गुणाकार केला तर ४२ तास. आयपॅडचा दावा १० तासांचा. फरक चौपट आहे, आठवडे विरुद्ध तास असा नाही.

नदीकाठ (डेक्कन)

गुणाकार बरोबर, निष्कर्ष पटला नाही. टॅबलेट न उघडता ठेवला तरी आतली ॲप्स, नोटिफिकेशन चालूच राहतात. ई-रीडरच्या ई-इंक पडद्यात काळे-पांढरे भारित कण असतात. पान उलटलं की ते हलतात आणि मग वीज न घेता तिथेच थांबतात. चार दिवसांनी हातात घेतल्यावर यंत्र जिवंत असणं हाही बॅटरीचाच भाग.

पण माझा मुख्य आक्षेप ए-फोरवर आहे. मराठी ललित पुस्तक ए-फोर कधी असतं? ते बहुधा डेमी असतं, साडेपाच बाय साडेआठ इंच. समास सोडून मजकुराचा स्तंभ साधारण १०५ ते ११० मिलिमीटर रुंद. आणि सात इंची पडदा तुम्हीच सांगितलात तसा १०७! म्हणजे स्कॅनच्या कोऱ्या कडा कापल्या की अक्षर जवळपास छापील आकारातच दिसतं. उंची मात्र पुरत नाही, एक पान दोन टप्प्यांत वाचावं लागतं. एवढीच तडजोड.

कापण्याचं काम संगणकावर करावं. के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं फुकट साधन आहे, त्यात रुंदीला बसवण्याची रीत निवडायची. आधी दहाच पानं चालवून बघा. स्कॅन तिरका असेल तर ओळ मधोमध कापली जाते, म्हणून पानं सरळ करण्याची सोय चालू ठेवा. तरी बिघडलं तर दोष बहुतेक वेळा कडेच्या काळ्या सावलीचा असतो. साधन तिलाच मजकूर समजतं. सावली कापून पुन्हा चालवा. तयार फाइल किंडलला पाठवताना ईमेलची मर्यादा ५० एमबी आणि वेबवरून २०० एमबी. जुने स्कॅन सहज शंभरापुढे जातात, ते सरळ यूएसबीनं डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये टाकावेत.

वजनाबद्दल कुणी बोलतच नाही. पेपरव्हाइट २११ ग्रॅम, १०.९ इंची आयपॅड ४७७ ग्रॅम. पीएमपीच्या बसमध्ये उभ्यानं एका हातात दांडी धरून वाचायचं तर हा फरक पहिल्या पाच मिनिटांत मनगटाला कळतो. आणि एप्रिलच्या दुपारी संभाजी बागेत बसून टॅबलेटवर वाचून बघा. काचेत पुस्तकाऐवजी वरच्या फांद्या दिसतात. ई-इंक बाहेरचाच प्रकाश परत फेकतो, म्हणून ऊन वाढेल तसं पान उजळतं.

अभ्यासिका (सदाशिव पेठ)

स्पर्धा परीक्षेवाल्यांसाठी वादच नाही, टॅबलेट. नकाशे रंगीत, नोट्स ए-फोर, शेजारी व्हिडिओ लेक्चर, पेननं खुणा. विचलित होण्याची भीती असेल तर आयपॅडवर ॲक्सेसिबिलिटीत गायडेड ॲक्सेस चालू करा आणि पासकोड मित्राला टाकायला सांगा. अँड्रॉइडवर ॲप पिनिंग आहे. रंगीत ई-इंकचा पर्याय कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगते: कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्यावर काळा मजकूर ३०० पीपीआय (इंचाला ३०० ठिपके), पण रंग १५० पीपीआय. त्यात वरच्या रंगगाळणीमुळे कागद करडा पडतो. भूगोलाच्या नकाशातल्या शेजारच्या दोन छटा त्यावर वेगळ्या ओळखायला त्रास होतो.

रफार (कोथरूड)

दोन्ही बाजू पडद्यावर भांडताहेत. मला अक्षरांबद्दल बोलायचं आहे, कारण मराठी वाचक तिथे गप्प बसतो आणि हिंदी वळणाचं अक्षर मुकाट वाचत राहतो.

मराठीतले ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे. तसाच आपला अर्धा र. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्याला' नमस्कार करायचा आणि 'आचाऱ्याला' स्वयंपाक सांगायचा. फाइलमध्ये हा र चुकीच्या संकेतानं आला, किंवा यंत्राला तो जुळवता आला नाही, तर अर्थच बदलतो किंवा पाय मोडका र नुसता उभा दिसतो. म्हणून यंत्र कोणतंही घ्या, विकत घेण्याआधी त्यावर चार शब्द उघडून बघा: दऱ्या, ॲप, वाङ्मय, क्लृप्ती. चारही नीट दिसले तर पुढे बोलू.

वळण सुधारायचं असेल तर फाँट ईपबमध्येच भरता येतो. टिरो देवनागरी मराठी हा मोफत फाँट खास मराठी वळणाचा आहे. संगणकावर बसवा, कॅलिबरच्या रूपांतरात 'लुक अँड फील'खाली फाँट एम्बेड करण्याच्या जागी त्याचं नाव निवडा, एझेडडब्ल्यू३ (किंडलची फाइल) करून यूएसबीनं टाका. मग यंत्रावर फाँटांच्या यादीत 'पब्लिशर फाँट' निवडायचा. ही शेवटची पायरी राहिली की लोक म्हणतात फाँट चढलाच नाही.

शब्दकोशाच्या बाबतीत ई-रीडरवाले फार बढाई मारतात. इंग्रजीत शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो. मराठीत 'घोड्यावरून'वर बोट ठेवलं तर 'घोडा' सापडत नाही, कारण कोशात सामान्यरूप नसतं. टॅबलेटवर निदान पडदा दुभागून शेजारी कोश उघडता येतो आणि मूळ शब्द टाइप करता येतो.

खिळेजुळारी (कसबा पेठ)

@नदीकाठ, डेमीचं गणित मान्य. ललित वाचनापुरता माझा दावा मागे घेतो. पण तुमच्या कृतीत संगणक आला, साधन आलं, यूएसबी आली. साठीपुढच्या वाचकानं हे रोज करायचं? टॅबलेटवर तोच स्कॅन उघडायचा आणि दोन बोटांनी मोठा करायचा, झालं. नजर अधूच झाली तर युनिकोड मजकूर गूगलच्या आवाजात मराठीतून ऐकतासुद्धा येतो.

आणि मालकीचं काय? फेब्रुवारी २०२५पासून किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संकेतस्थळावरून उतरवून यूएसबीनं टाकण्याची सोय बंद झाली. टॅबलेटवर निदान चार दुकानांची ॲप्स शेजारी शेजारी नांदतात. एका दुकानात पुस्तक नसलं तर दुसऱ्यात बघता येतं.

नदीकाठ (डेक्कन)

बंद झालं ते विकत घेतलेल्या पुस्तकांपुरतं. स्वतःची ईपब, पीडीएफ टाकण्याची वाट उघडीच आहे. कृती रोज नाही, पुस्तकामागे एकदा. घरातलं तरुण माणूस रविवारी वीस पुस्तकं कापून देऊ शकतं.

रात्रीच्या वाचनाचा मुद्दा राहिला. डिसेंबर २०१४मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. बारा जणांनी झोपण्याआधी चार तास आयपॅडवर वाचलं, तर छापील पुस्तकाच्या मानानं झोप लागायला सुमारे दहा मिनिटं उशीर झाला आणि मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबलं.

रफार (कोथरूड)

तो प्रयोग पुरा सांगा. आयपॅडची प्रखरता पूर्ण ठेवली होती आणि खोलीत मंद उजेड होता. शिवाय प्रकाश लावलेला ई-रीडरही डोळ्यात प्रकाशच टाकतो. दिव्याच्या उजेडात, त्याचा स्वतःचा प्रकाश शून्यावर ठेवून वाचलं तरच तो कागदासारखा. ही सोय टॅबलेटला नाही, एवढं मी तुमच्या बाजूनं म्हणेन.

सोल्डर (बुधवार पेठ)

दुरुस्तीचं कुणीच काढलं नाही. टॅबलेट पडला तर बऱ्याचदा वरची काच जाते. ज्या मॉडेलमध्ये काच आणि डिस्प्ले वेगळे असतात, तिथे फक्त काच बदलून काम भागतं. ई-रीडर बहुतेकदा दाबानं मरतो. ई-इंकच्या थराखाली पातळ काचेचा पाया असतो. सॅकमध्ये डब्याला टेकून ठेवला, वर कुणी रेललं, की आत तडा जातो. वरून ओरखडा दिसत नाही, पण पडद्याचा एक भाग जुन्याच चित्रावर गोठतो किंवा उभ्या रेघा येतात. रीस्टार्ट करून काही होत नाही, पॅनेलच बदलावं लागतं, आणि त्याचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. कडक पाठीचं कव्हर घ्या आणि सॅकमध्ये पडद्याची बाजू वहीकडे ठेवा, डब्याकडे नको.

नदीकाठ (डेक्कन)

अजून ठरत नसेल त्यांच्यासाठी पाच रुपयांची परीक्षा. तुम्ही खरोखर वाचता त्यातल्या तीन पीडीएफचं एकेक पान निवडा. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर असेल तर ५१ टक्के स्केलवर छापून घ्या. डेमी स्कॅन असेल तर कडा कापून मजकुराची रुंदी १०७ मिलिमीटर भरेल असं छापा. घरी नेऊन रात्रीच्या दिव्याखाली, नेहमीच्या चष्म्यातून पूर्ण पान वाचा. तीनपैकी दोन अडखळत वाचलीत तर टॅबलेट घ्या, मी अडवणार नाही.