जुन्या सायकलला नवा शॉकअप: एअर, कॉइल, की सरळ चिमटाच?

पाणंदवाला
सायकल २७.५ इंची, डिस्क ब्रेकची, पुढे १०० मिमी दबणारा कॉइल (लोखंडी स्प्रिंगचा) शॉकअप. पाइपांवर गंज चढलाय, धूळसील फाटलंय आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल मागंपुढं हलवली की खटखट होते. हेडसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) घट्ट आहे, म्हणजे खेळ बुशमध्येच, पाइप ज्यात सरकतात त्या आतल्या कड्यांत. रोज रंकाळा ते शिरोली एमआयडीसी, रविवारी पन्हाळा, पाऊस सरला की मसाई पठार. एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा शॉकअप, घ्यायचं जवळजवळ ठरलंय. विरोध असेल तर आत्ताच करा, पैसे गेल्यावर नको.

उद्यमनगरी
भावा, अख्खं कोल्हापूर कास्टिंग ओततंय, लेथ फिरवतंय, आन तू शॉकअप भंगारात टाकतोस? पाइप काढायचं, हार्ड क्रोम मारून ग्राइंड करायचं, बुश नवं करायचं. बुलेटचं करत्यात की तसंच. नव्याच्या निम्म्यात भागतंय.

व्हर्निअर
@उद्यमनगरी, मी पण लेथवरच पोट भरतो, म्हणून सांगतो. बुलेटचा पाइप बोल्ट सैल केले की यॉकमधून (पाइप धरणाऱ्या पकडीतून) खाली सरकतो. सायकलच्या शॉकअपचे पाइप वरच्या क्राउनमध्ये, दोन्ही पाइप जोडणाऱ्या तुकड्यात, दाबून बसवलेले असतात. ते प्रेसवर काढून परत बसवले, तर ती पकड पहिल्यासारखी राहील याची हमी कोण देणार? ब्रेक मारल्यावर सगळा जोर तिथंच येतो. बुश म्हणशील तर मी शंभर करून देईन. पण पाइप गंजून खड्डे पडलेत, तिथं नवीन बुशही वर्षभरात खाल्लं जाणार.

उद्यमनगरी
बरं, पाइपाचं मान्य. पण मग तसलाच साधा कॉइल घे की. एअरचं कौतुक कशाला?

सरळचिमटा
मी तर म्हणतो शॉकअपच नको, न दबणारा सरळ चिमटा घाला. आठवड्यातले सहा दिवस तुम्ही डांबरावर आहात, आणि पन्हाळ्याचा घाटही डांबरीच. स्वस्त कॉइल शॉकअप अडीच किलोच्या आसपास भरतो, स्टीलचा सरळ चिमटा किलो-सव्वा किलो. उभं राहून पेडल मारलं की शॉकअप थोडा जोर गिळतो तो वेगळाच. टायर २.२ इंची घाला, हवा थोडी कमी ठेवा, हातांना पुरेसा आराम मिळतो. आणि पावसाळ्यात तांबड्या चिखलाला आत शिरायला जागाच नाही. फक्त चिमटा सस्पेन्शन-करेक्टेड हवा, म्हणजे शॉकअपएवढ्या उंचीचा. आखूड बसवला तर सायकल नाकावर पडते आणि पेडल दगडांना लागतात.

पाणंदवाला
दादा, गळीत हंगामात शिरोलीकडं येऊन बघा. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्याला डांबरी म्हणायचं असेल तर म्हणा. आणि मसाईच्या जांभ्यावरून तासभर सरळ चिमट्यावर उतरलात तर रात्री भाकरी मोडताना मनगट बोलतं.

घाटाघाटानं
सरळ चिमट्याला माझाही विरोध, पण एअरला जास्त. एअर फोर्क म्हणजे सीलवर चालणारं यंत्र. रॉकशॉक्स कंपनी दर ५० तासांनी खालच्या नळ्या उघडून तेल आणि सील बघायला सांगते. रोज तास-दीड तास चालवणाऱ्याचे ५० तास दीड-दोन महिन्यांत भरतात. करणार आहात? कॉइलचं सील गेलं तरी स्प्रिंग सायकल उचलून धरते. एअरचं सील गेलं की गगनबावड्याच्या अलीकडे पुढचं चाक मान टाकणार आणि तुम्ही ५५ किलोमीटर तसेच परत येणार. सनटूर कंपनीच्या एक्ससीआर मॉडेलमध्ये कॉइलही मिळतो, तो घ्या आणि गप पडा.

व्हर्निअर
कॉइलचा तोटा पण सांगा ना. स्प्रिंग कंपनी ठरवते, तुमचं वजन नाही. ५५ किलोच्या माणसाला तो दगड आणि ९५ किलोच्याला गादी. वरची प्रीलोडची (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवायची) चकती फिरवून उंची थोडी बदलते, स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. एअरमध्ये वजनाप्रमाणे दाब भरता येतो. सायकलवर बसल्यावर १०० पैकी २० ते २५ मिमी दबला की जमलं. त्यासाठी शॉक पंप वेगळा घ्यायचा. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखाच असतो, म्हणून काहीजण पेट्रोल पंपावरची नळी लावतात. तो कप्पा एवढासा, काटा कुठल्या कुठे जातो.

पण एअर-कॉइलच्या आधी मापं. इथं कुणीच विचारलं नाही. फोर्कची फ्रेममधून वर जाणारी नळी, स्टिअरर, सरळ असेल तर २८.६ मिमी. हल्लीचे बरेच चांगले फोर्क टेपर्ड येतात, खाली दीड इंच. तुमच्या हेड ट्यूबचा, म्हणजे स्टिअरर ज्यातून जातो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीचा, आतला व्यास ३४ मिमी असेल तर टेपर्डचा विषय तिथंच संपला. ४४ असेल तर हेडसेटचा खालचा कप बाहेरून बसवून जमतं. दुसरं, चाकाचा एक्सल. तुमचा बहुधा ९ मिमी क्विक रिलीजचा, दांडी फिरवून चाक सुटतं तसला. १५ मिमीच्या एक्सलचा फोर्क आणलात तर हब बदला, म्हणजे आरे काढून चाक नव्याने विणा. स्वस्तात मिळालेला फोर्क असा महाग पडतो. तिसरं, १२० मिमीच्या मोहात पडू नका. पुढची बाजू २० मिमी वर गेली की हेड अँगल (हेड ट्यूबचा कोन) साधारण एक अंशाने झोपतो, चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं. तुमची फ्रेम १०० साठी बनलीय.

सरळचिमटा
एवढी मापं, एवढे पंप, एवढी सीलं. माझा मुद्दा सिद्ध झाला.

पाणंदवाला
मोजलं. हेड ट्यूब ३४, स्टिअरर सरळ, एक्सल ९. म्हणजे १०० मिमी, सरळ स्टिअररचा, क्विक रिलीजवाला एअर. @घाटाघाटानं, तुमचं सीलचं म्हणणं पटलंय, म्हणून सील किट फोर्कबरोबरच मागवतोय. खालच्या नळ्या उघडायचं काम @व्हर्निअर दादांच्या शेडमध्ये करायचा विचार आहे, त्यांची हरकत नसेल तर.

व्हर्निअर
या की. स्टिअरर घरी कापू नका. जुना शेजारी ठेवून खूण करा, हेडसेटची जाडी आणि स्टेमखालच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याखालच्या) रिंगा त्यात धरा. स्टेमच्या वरच्या कडेपासून दोन-तीन मिमी खाली राहिला पाहिजे. जास्त ठेवला तर परत कापता येतो. जुना शॉकअप घेऊन या, स्प्रिंग मला पाहिजे.

उद्यमनगरी
स्प्रिंग तुला आन पाइप मला. क्रोम करून दावतोच.

घाटाघाटानं
लॉकआउट, म्हणजे चढावर शॉकअप दबू नये म्हणून बंद करायची कळ, आहे का त्यात? नसेल तर पन्हाळ्याच्या चढावर @सरळचिमटा पुढे निघून जातील आणि आम्हाला वर्षभर ऐकवतील.