काळाशी खेळणारी गूढ कादंबरी वाचताना तुमचं काय झालं?

परवा रात्री पावणेदोनला 'द सेव्हन डेथ्स ऑफ एव्हलिन हार्डकॅसल' संपवलं, नवऱ्याला उठवून सांगावंसं वाटलं, पण मग आठवा मृत्यू माझाच झाला असता म्हणून इथे लिहितेय.

स्टुअर्ट टर्टनची ही पहिली कादंबरी, २०१८ ची. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडातलं ब्लॅकहीथ नावाचं पडकं खानदानी घर, पार्टीला जमलेली मंडळी आणि रात्री अकराला घरातली मुलगी एव्हलिन मरते. आपला नायक तोच एक दिवस आठ वेळा जगतो, दर वेळी वेगळ्या माणसाच्या शरीरात. आपल्याकडे देवी अंगात येते, इथे हाच बिचारा दुसऱ्यांच्या अंगात येतो. चोचवाला मुखवटा घातलेला एकजण त्याला सांगतो, खुनी कोण ते सांग आणि सूट, नाहीतर सगळी आठवण पुसून परत पहिल्यापासून.

मला काही केल्या लक्षात राहीना कोण कधी कुठे होतं. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान काढलं आणि तारखांच्या चौकोनांत लिहायला लागले. सोमवार डॉक्टर बेल, मंगळवार बटलर, बुधवार डेव्हिस, असं. वार सात आणि शरीरं आठ, त्यामुळे शेवटचा माणूस समासात. त्याच चौकोनांत दुधाचा हिशोबपण होता, त्यामुळे लॉर्ड रेव्हनकोर्टच्या नावावर दोन लिटर गाईचं दिसतंय.

तर तुमचे अनुभव लिहा. हीच कादंबरी पाहिजे असं नाही, काळाची उलटापालट असलेलं काहीही चालेल. फक्त खुन्याचं नाव कुणी लिहायचं नाही, लिहिलंत तर बघा.

—

मी अर्ध्यात सोडली. डोंबिवली ते सीएसएमटी, किंडलवर, उभ्याने. हे पुस्तक किंडलवर वाचायचंच नाही हो. दर दहा पानांनी मागे जावंसं वाटतं, ही चिठ्ठी आधी कुणाच्या हातात होती, आणि किंडलवर मागे जायचं म्हणजे गर्दीत एका हाताने टकटक टकटक, मग पुढची जागा सापडत नाही, त्यात घाटकोपरला माणसं अंगावर. नकाशा सुरुवातीलाच दिलाय पण तो स्क्रीनवर मुंगीएवढा. ३८ टक्क्यांवर आहे गेले चार महिने. नायकाचा दिवस पुढे जात नाही तसा माझाही.

—

माझं उलटं झालं. लायब्ररीतून आणलं, कुठली ते सांगत नाही, काउंटरवरच्या काकू ओळखतात मला. उघडलं तर नकाशाच्या पानावर कुणीतरी पेन्सिलने एक नाव लिहून त्याखाली दोन रेघा मारलेल्या!! इतका संताप आला, आजवर कुणी माझा इतका हक्काचा आनंद हिरावला नव्हता. तरी वाचत राहिलो, कारण फी भरलेली. आणि पूर्ण वेळ मी त्या एका माणसावर नजर ठेवून, तो चहा प्यायला तरी मला संशय. तर शेवटी काय, ते नाव चूक निघालं! म्हणजे आधीच्या वाचकाने मधेच कुठेतरी अंदाज बांधून, ठाम होऊन, लिहून टाकलं असणार आणि शेवट वाचल्यावर खोडलंसुद्धा नाही. मला वाटतं त्या माणसाने लेखकापेक्षा जास्त फसवलं मला.

—

वरचं वाचून खूप हसले. त्या अज्ञात वाचकाला माझा नमस्कार सांगा.

माझा अनुभव जरा वेगळा. मे महिन्यात दापोलीजवळ माहेरी गेले होते, दुपारी लाइट गेलेली, आई पडवीत आमसुलं वाळत घालून बसलेली. काय वाचतेस म्हणून विचारलं तर मी गोष्ट मराठीत सांगायला लागले, की बघ तो माणूस त्याच घरात, त्याच दिवसात फिरतोय, बाहेर पडायला जातो तर परत तिथेच. आई म्हणाली, "म्हणजे चकवा लागलाय त्याला." एवढं सरळ! मी टाइम लूप टाइम लूप करत होते.

मग तिने तिच्या वडिलांचं सांगितलं, जे मी पन्नास वेळा ऐकलंय पण या वेळी वेगळंच ऐकू आलं. आजोबा बाजारातून रात्री परत येत होते, पायाखालची वाट, डोळे मिटून आले असते. एका आंब्यापाशी आले, पुढे गेले, परत तोच आंबा. तीनदा. तिसऱ्यांदा त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, आंब्याला टेकून बसले, तंबाखू मळली आणि उजाडेपर्यंत हलले नाहीत. सकाळी बघतात तर घर हाकेच्या अंतरावर. मी आईला म्हटलं पुस्तकातल्या माणसाला पण असंच बसून राहता आलं असतं तर? तर म्हणे, "बसंल कसा, त्याला कुठं ठाऊक आहे उजाडणार आहे ते."

मी पुस्तक त्या रात्री पुढे वाचलंच नाही. दुसऱ्या दिवशी आईच विचारते, सुटला का गं तो?

—

कादंबरी जबरदस्त आहे मान्य. पण रेव्हनकोर्टबद्दल कुणी काही बोलणार आहे की नाही? तो जाड आहे, ठीक. पण पानामागून पान तो कसा धापा टाकतो, कसा घाम येतो, कशी किळस वाटते. माझं वजन १०४ किलो आहे, मी हे पुस्तक ऑफिसच्या कॅन्टीनमधे वाचत होतो आणि त्या प्रकरणानंतर समोरचा वडापाव खावासा वाटेना. गंमत म्हणजे आठांत डोकं सगळ्यात जास्त त्याचंच चालतं, नायक स्वतः कबूल करतो. मग नजर का अशी? नायकाला घाण वाटते की लेखकाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ताई, तुमचं ते दोन लिटर दूध त्याच्याच नावावर राहू द्या, बरं वाटलं.

—

+१. आणि डर्बीच्या शरीरातला दिवस मला वाचवत नव्हता, दुसऱ्याचे घाणेरडे विचार आपल्या डोक्यात येतात ते वर्णन भुतापेक्षा भयंकर आहे. बाकी मस्त.

—

न्यू जर्सीहून. मला या प्रकारात नियम लागतात, नियम नसले की मी चिडतो, बायको म्हणते कोड रिव्ह्यू करतोस का गोष्ट वाचतोस. त्यामुळे माझं मत स्टीफन किंगच्या '११/२२/६३' ला. डायनरच्या मागच्या खोलीत अदृश्य पायऱ्या, उतरलात की दर वेळी ९ सप्टेंबर १९५८. तिकडे पाच वर्षं काढा, परत आलात की इथे दोनच मिनिटं झालेली. पुन्हा गेलात की आधी केलेलं सगळं पुसलं. संपला नियम. केनेडींना वाचवायला जातो तो, पण मला भिडलं ते दोन मिनिटांचं.

माझे बाबा गेले तेव्हा मी फ्लाइटमधे होतो. सोळा तास. तिकडे पोचलो तर सगळं उरकलेलं आणि माझ्या घड्याळात अजून इकडचीच वेळ. तेव्हा ते पुस्तक बॅगेत अर्धं वाचलेलं होतं. पुढचं अर्धं मी वर्षभराने वाचलं. असो.

टर्टनचेही नियम पक्के आहेत, पण ते तो मधे मधे हळूच सांगतो. शरीर झोपलं की मागच्या शरीरात परत जावं लागतं, हे कळेपर्यंत माझी चिडचिड झाली होती.

—

अच्छा म्हणजे म्हणून बटलर सारखा येतो! मी ऑडिओ ऐकतोय भांडी घासताना. "डे टू, कंटिन्यूड" आलं की मला वाटायचं आपलाच हात लागून मागे गेलं, तीनदा पुढे ढकललं मी. आता परत सुरुवातीपासून ऐकणं आलं.

—

अकरावीला इंग्रजी शिकवतो, लातूरकडे. आमच्या पुस्तकात नारळीकरांची 'द ॲडव्हेंचर' होती, मूळची मराठी 'गंगाधरपंतांचे पानिपत'. ट्रकला धडकून प्राध्यापक अशा जगात जातात जिथे १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून जाते, आणि मराठे जिंकतात. वर्गात हमखास हशा कुठे, तर आझाद मैदानावर गंगाधरपंत भाषण ठोकायला उठतात आणि लोक टोमॅटो, अंडी मारतात तिथे. भूत नाही, खून नाही, पण खिशातून त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचं फाटकं पान निघतं तिथे अख्खा वर्ग गप्प. एका वर्षी मागच्या बाकावरून एकाने विचारलं, सर, त्या जगात मला सायन्सला ॲडमिशन मिळाली असती का. आर्ट्सचा वर्ग होता तो. कुणी हसलं नाही. मी म्हटलं पान मिळालं तर बघू.

२०२५ ला नारळीकर गेले त्या रात्री घरी परत वाचली ती गोष्ट, या वेळी मराठीतून.

—

मी काल संपवलं! लिहू का कोण ते? फक्त पहिलं अक्षर?

—

नको!!! अक्षर नाही, काना मात्रा वेलांटी काहीही नाही.

आणि लायब्ररीवाले दादा, ते नाव खोडलंत का तुम्ही?

—

नाही ना. शनिवारी खोडरबर खिशात घालून मुद्दाम गेलो. काकू म्हणाल्या, पुस्तक गुरुवारीच कुणीतरी नेलं.